एकाच वेळीं दाबलेल्या कळा



संगणकाच्या कळफलकावर तीन-चार कळा एकदम दाबल्या असतां पुष्कळदां दोन अक्षरें उमटतात आणि तिसऱ्याचा पत्ता लागत नाहीं. कळ बिघडली असावी अशी शंका येते. पण तीच कळ एकटी दाबली कीं मुकाट्यानें काम करते. या कोड्याचें मूळ शोधूं गेल्यास दीडशें वर्षें मागें जावें लागतें.

अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं क्रिस्टोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांना १८६८ मध्यें टाइपरायटरचें पेटंट मिळालें. १८७४ मध्यें रेमिंग्टन कंपनीनें तें यंत्र विक्रीस आणलें. त्यांत प्रत्येक अक्षराचा दांडा निराळा, परंतु आघाताची जागा एकच. दोन दांडे एकदम उठले कीं एकमेकांत अडकत. म्हणून एका वेळीं एकच कळ, हा तेथील नियम ठरला.

ब्रेल लिपीच्या यंत्राचा धर्म नेमका उलट आहे. इलिनॉय प्रांतांतील अंधशाळेचे प्रमुख फ्रँक हॉल यांनीं १८९२ मध्यें तें तयार केलें. ब्रेलचें चिन्ह सहा टिंबांच्या चौकटींत बसतें. म्हणून टिंबांच्या कळा सहा, आणि अक्षराला लागतील तितक्या एकदम दाबावयाच्या.

संगणकाच्या कळफलकानें वळण घेतलें तें टाइपरायटरचें. दांडे गेले, तरी अडचण तारांत शिरली. शंभर कळांना शंभर तारा नेणें खर्चाचें. म्हणून उभ्या-आडव्या तारांची जाळी करून प्रत्येक छेदावर एकेक कळ बसविली. आठ उभ्या व आठ आडव्या अशा १६ तारांत ६४ कळा मावतात. यंत्र एकेका आडव्या तारेंत वीज सोडून ती कोणत्या उभ्या तारेंत उतरते, हें पाहतें. आतां जाळींतील एका चौकोनाचे तीन कोपरे दाबले, तर वीज त्या तिहींतून वळसा घालून चौथ्याच्या तारेंत पोहोंचते आणि न दाबलेली कळहि दाबल्यासारखी भासते. इंग्रजींत या आभासाला भुताचेंच नांव आहे.

यावर उपाय दोन. प्रत्येक कळेपाशीं एकाच दिशेनें वीज जाऊं देणारा डायोड बसविणें, हा खरा पण खर्चाचा. संशय येतांच नव्या कळेची दखलच न घेणें, हा स्वस्त. बहुतेकांनीं तोच पत्करला. आयबीएमच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकाचा कळफलक निराळ्या विद्युत्-तत्त्वावर चाले व कितीहि कळा ओळखी. त्याच कंपनीच्या १९८५ च्या स्वस्त कळफलकांत मात्र दोहोंपलीकडे हमी राहिली नाहीं.

या काटकसरीची झळ कोणास लागते? एस, डी, एफ, जे, के, एल या सहा कळांनीं संगणकावर ब्रेल लिहितां येतें. भारतीय ब्रेलमध्यें ‘प’ला पहिलें, दुसरें, तिसरें व चौथें टिंब लागतें. त्यांतील दुसरें हरवलें कीं राहतो ‘म’. लिहिणारानें ‘पाय’ लिहावा आणि कागदावर ‘माय’ उमटावी! लिहिणाराचीं बोटें अचूक असतात. चूक मात्र त्याच्या पदरीं पडते.

तेव्हां अंध विद्यार्थ्यांसाठीं कळफलक घेणारानें दुकानांतच त्या सहा कळा एकदम दाबून पाहाव्या, आणि सहाहि उमटल्या तरच पैसे मोजावे.