तळटीप : ‘समान’ ऑब्जेक्ट

लेखक येथे दोन ऑब्जेक्टना ‘समान’ म्हणतो ते त्यांच्या गुणधर्मांची मूल्ये जुळतात म्हणून. जावा भाषेत == हे चिन्ह मात्र दोन्ही नावे मेमरीतल्या एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का, एवढेच पाहते; मूळच्या ‘ऑब्जेक्ट’ क्लासमधली ‘इक्वल्स’ मेथडही तेच करते. मूल्ये ताडायची तर ती मेथड आपल्या क्लासमध्ये नव्याने लिहावी लागते, आणि तिच्या जोडीने ‘हॅशकोड’ही; नाहीतर हॅशसेटमध्ये ठेवलेला ऑब्जेक्ट तशाच दुसऱ्या ऑब्जेक्टच्या आधारे शोधताना सापडेलच असे नाही. कोणते गुणधर्म तुलनेत धरायचे हेही क्लास लिहिणाराच ठरवतो, आणि खरी मेख तिथेच आहे. ‘बिगडेसिमल’मध्ये २.० आणि २.०० यांना ‘इक्वल्स’ वेगळे मानते, कारण दशांशस्थळांची संख्याही तिने हिशेबात धरली आहे. ‘कंपेअरटू’ला मात्र ते सारखेच. पैशांचे व्यवहार लिहिणाऱ्यांना हा फरक चांगलाच भोवतो. जावा १६ पासून (२०२१) ‘रेकॉर्ड’मध्ये ‘इक्वल्स’ व ‘हॅशकोड’ आयत्या मिळतात. प्रस्तुत प्रकरण त्याआधीचे असल्याने लेखकाने त्या हाताने लिहिल्या आहेत. आम्ही त्या तशाच ठेवल्या आहेत. — संपा.