काठवट

आमच्या घरची काठवट गोल नाही. परवा दोरी धरून मापली, तर एका बाजूनं अठरा इंच भरली आणि दुसऱ्या बाजूनं सतरा. तळाला एक तडा आहे. त्यावर तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी, बारीक चुका मारून बसवलेली. करणाऱ्यानं ती गोलच केली असणार. पण ओलं लाकूड वाळताना उभ्या रेषेत जवळजवळ आक्रसत नाही, आडवं मात्र चांगलंच आक्रसतं. त्यामुळं गोल भांडं हळूहळू लंबगोल होतं. यात सुताराच्या हाताचा दोष नाही.

जुन्या कोशांत काथवट, बोलण्यात काटवट, लिहिताना काठवट. मूळ शब्द काष्ठ. हिंदीतली कठौती हिची सख्खी बहीण. संत रविदासांच्या ज्या कठौतीत गंगा आली असं सांगतात, ती कातडं भिजवायची होती. आमच्याकडच्या काठवटीत पीठच मळलं जातं, तेही मुख्यतः ज्वारीचं.

आता एक कोडं. लाकडाचं गोल भांडं म्हटलं की ते फिरवून कातायचं, असं कुणालाही वाटेल. फिरवण्याची विद्या तर या मुलखात जुनी. तेर गोरोबाकाकांचं गाव, तिथं कुंभाराचं चाक फिरलेलं. उमरग्याच्या पलीकडं बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. त्या काळच्या देवळांतले गुळगुळीत, कड्याकड्यांचे दगडी खांब कातून काढलेले आहेत. दगड कातणाऱ्यांच्या शेजारात लाकूड कातणं ते काय! शिवाय कातारी नावाची जातच होती. पाळण्याचे खूर, लाटणी, भोवरे हे सगळं त्यांच्याकडचं. तरीही काठवट कधी खरादीवर चढली नाही. ती तासूनच झाली.

आधी मला वाटायचं, कारण यंत्राचं असेल. जुन्या खरादीला एकजण दोरी ओढतो, लाकूड एकदा पुढं फिरतं, एकदा मागं. पटाशी लागते ती अर्ध्याच फेरीत. अशा यंत्रावर जड, रुंद लाकूड कसं फिरणार? पण युरोपातली पायानं चालवायची खरादही अशीच मागंपुढं फिरायची आणि तिच्यावर वाडगे निघायचे. १५४५ साली बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडचं लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, तेव्हा त्याच्या अवशेषांत खलाशांचे असे कातीव लाकडी वाडगे होते. तेव्हा यंत्राचं कारण टिकत नाही.

मला पटतं ते कारण गावगाड्यातलं आहे. सुतार बलुतेदार, म्हणून गावात घरचा. कातारी बाजारपेठेत बसणारा. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ (१९१५) वाचताना लक्षात येतं की सुताराचं खरं काम औताचं. घरातलं लाकडी सामान त्याच्या सवडीचं. बाभळीचा बुंधा आधी चाकाच्या तुंब्याला, आखाला, तिफणीला जायचा. काठवटीला लागते रुंदी. लाकडाचा गाभा तडकतो, तो टाळायचा म्हणजे बुंधा उभा फोडून त्याचं अर्धंच घ्यायचं. दीड फुटाच्या काठवटीला खोड दोन फुटांच्या आसपास जाडीचं हवं. असं खोड रोज मिळत नाही. बांधावरचा म्हातारा आंबा नाहीतर लिंब पडला की मग घरची बाई सुताराला निरोप धाडायची.

फोडलेली सपाट बाजू वर, सालीची खाली. मग वाकस. लाकूड ओलं असतानाच पोट काढायचं, कारण वाळलं की ते हत्याराला दाद देत नाही. नंतर सावलीत सावकाश वाळवायचं. आमच्या काठवटीच्या बाहेरच्या अंगाला वाकसाचे घाव अजून बोटाला लागतात, शेजारी शेजारी, माशाच्या खवल्यांसारखे. आतून मात्र ती काचेसारखी गुळगुळीत आहे. ते काम सुताराचं नव्हे, भाकरी करणाऱ्या तळव्यांचं.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. आधणाचं पाणी घालून तळव्याच्या टाचेनं रगडावं, तेव्हा कुठं ते धरतं. पितळी-स्टीलची परात अशा वेळी सरकते. काठवट बूड जमवून बसते आणि जास्तीचं पाणी थोडं पिऊनही घेते. मग त्यातच कोरडं पीठ भुरभुरून भाकरी थापायची. म्हणून तळ सपाट, काठ बुटका. थापताना भाकरी हाताखाली गरगर फिरते, काठवट जागची हलत नाही.

परात हा शब्द पोर्तुगीजांकडून आला म्हणतात. शब्द कुठूनही येवो, काठवट हटवली ती परातीनं नव्हे, असं माझं मत आहे. ती हटवली ओट्यानं. काठवटीपुढं मांडी घालून किंवा एक पाय दुमडून बसावं लागतं, सगळा भार खांद्यातून तळव्यात यावा लागतो. उभ्यानं ते जमत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर-किल्लारीच्या पट्ट्यातली दगड-मातीची माळवदं कोसळली. पुढं जी नवी गावं वसली, त्यांत घराचा आराखडाच बदलला. भूकंप नसता, तरी सिलिंडरनं तेच केलं असतं; इतकंच की सावकाश.

नवी काठवट करून घ्यावी म्हणून मागल्या उन्हाळ्यात एका लाकूडकटाईच्या गिरणीत गेलो. तिथं विजेवरचा लेथ होता, पलंगाचे पाय निघत होते. म्हटलं, दीड फुटाची कातून द्या. मिस्त्रीनं लेथच्या मधल्या टोकापासून खालच्या पोलादी पट्टीपर्यंत वीत टाकली. वीतही पुरी भरली नाही.

“फुटाच्या वर फिरत नाही दादा हितं. अन् फुटात भाकरी कशी फिरंल?”

मग कोपऱ्यातल्या ओंडक्यांकडं बघत म्हणाला, “खोड घिऊन या. आमचा म्हातारा हाय अजून, तासून दील.”