शुक्रवारच्या सुटीतला रविवार

निजामाच्या राज्यात आठवड्याची सुटी शुक्रवारी असे. कचेऱ्या आणि सरकारी शाळा शुक्रवारी बंद, रविवारी चालू. औरंगाबाद सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. त्यामुळे आजच्या छत्रपती संभाजीनगरातला रविवार इथल्या कॅथलिकांच्या पणजोबांना कामाचा वार होता. छावणीत मात्र इंग्रजी शिस्त होती. तिथे रविवार म्हणजे विश्रांती आणि चर्च परेड. छावणीची हद्द ओलांडली की वार तोच, पण दिवस वेगळा.

रविवार पवित्र पाळायचा म्हणजे सुटी हवीच, असं आपण धरून चालतो. या प्रथेचं कूळ शोधत मागे गेलं की मात्र सुटी कुठेच भेटत नाही. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो, की हे ख्रिस्ती लोक एका ठरलेल्या वारी उजाडायच्या आत जमतात. उजाडायच्या आत का, तर उजाडल्यावर कामाला जायचं असे. त्यांत गुलामही होते. पुढे १५५ च्या आसपास रोममध्ये जस्टिन या तत्त्वज्ञाने रविवारच्या सभेचा सगळा क्रम लिहून ठेवला: वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, मग विधवा-अनाथांसाठी वर्गणी. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा घरी पोचवला जाई. आजची मिस्सा याच क्रमाने चालते. ३०४ साली उत्तर आफ्रिकेतल्या अबितिना गावच्या एकोणपन्नास जणांना रविवारी एकत्र जमल्याबद्दल पकडून कार्थेजला नेलं. रविवारच्या सभेवाचून आम्हाला जगता येत नाही, असा त्यांचा जबाब होता. या लोकांना रविवारची सुटी ठाऊकच नव्हती.

सुटी आली ती राजाच्या हुकमाने. ७ मार्च ३२१ रोजी सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारी न्यायाधीश, शहरवासी आणि कारागिरांनी काम थांबवावं असं फर्मान काढलं. त्यातून शेतकऱ्याला मात्र वगळलं, कारण पेरणीचा नेमका दिवस हातचा गेला तर पुन्हा येत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वाफसा आला की वार बघायला कोणाला सवड असते?

मराठवाड्यात कॅथलिक मिशन आलं ते नागपूरकडून, सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनऱ्यांबरोबर. हा संघ १८३८ साली सव्हॉयमधल्या अनसी इथे स्थापन झाला होता. वैजापूर तालुक्यातलं घोगरगाव हे या मिशनचं जुनं ठाणं. आसपासच्या खेड्यांत ज्यांनी हा धर्म घेतला ते बहुतेक दुसऱ्याच्या शेतात राबणारे. त्यांच्यापुढे नियम ठेवला होता तो युरोपातला: रविवारी मिस्सा ऐकायची आणि अंगमेहनतीचं काम करायचं नाही. १९१७ च्या धर्मसंहितेत तर बाजारही मना होता, जिथे तशी रूढी असेल तिथे सूट. मजुराने मालकाला रविवार कसा सांगायचा? अडलेल्या माणसाला चर्चच्या नियमातही मोकळीक होती, म्हणून निभावलं. पण मोकळीक असूनही कोणी मिस्सेला आलं, तर त्याची खरी कसोटी पुढे होती.

ज्याला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा त्याने मध्यरात्रीपासून अन्न घ्यायचं नाही, पाणीही नाही. दुपारी एकच्या पुढे मिस्सा सुरू करता येत नसे. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात पहाटे घर सोडायचं, चार-सहा मैल कोरड्या घशाने चालायचं, पापनिवेदनाच्या रांगेत थांबायचं, मिस्सा ऐकायची आणि मगच पाण्याचा घोट. वेदीवरचे फादरही तितकेच उपाशी. ज्या रविवारी फादर दुसऱ्या गावी गेलेले, त्या रविवारी कॅटेकिस्ट मास्तर प्रार्थना सांगत. पवित्र रविवार म्हटलं की मला हेच लोक आधी आठवतात.

रविवारच्या सुटीची महाराष्ट्रातली कथा मात्र चर्चच्या अंगणातली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती सत्यशोधक समाजाच्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली. १८८४ पासून अर्ज आणि सभा चालल्या होत्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्यता दिली. रविवारच का, याचं लोखंड्यांचं एक कारण होतं: तो खंडोबाचा वार. आमच्या शहरालगतच्या सातारा गावात खंडोबाचं देऊळ आहे. रविवारी सकाळी काही लोक तिकडे निघतात, काही कॅथेड्रलकडे. दोघांनाही ही मोकळी सकाळ मिळवून देण्यात एका सत्यशोधकाचा हात आहे, हे आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगायला हवं.

संस्थान विलीन झाल्यावर शुक्रवार जाऊन रविवार आला. पाठोपाठ १९५३ साली पोप बाराव्या पायस यांनी संध्याकाळच्या मिस्सेला परवानगी दिली आणि पाण्याने उपास मोडत नाही असं ठरवलं. १९६४ पासून उपास एका तासावर आला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर मिस्सेतली लॅटिन जाऊन मराठी आली. १९७७ साली औरंगाबाद स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

तरी अडचण संपली नाही, फक्त मालक बदलला. जाफर गेटचा आठवडी बाजार रविवारीच भरतो. वाळूज-चिकलठाण्यात पाळीवर जाणाऱ्याची साप्ताहिक सुटी रविवारीच येईल असं नाही. हॉस्पिटलातल्या नर्सचंही तेच. १९८३ च्या संहितेने अशांसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारचीच धरली आहे. हे नवीन काही नाही. यहुदी परंपरेत दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो. म्हणून कुठल्याही धर्मग्रामात फादर कमी पडले आणि एखादी मिस्सा बंद करायची वेळ आली, तर शनिवार-रविवारची संध्याकाळची मिस्सा सगळ्यांत शेवटी बंद करावी. सकाळची वेळ ज्यांना सोयीची आहे त्यांनी एका मिस्सेत दाटीवाटीने उभं राहावं. सकाळच्या पाळीच्या माणसाला आणि नर्सला तेवढी एकच वेळ जमते.