एकच सेट, दोन सिनेमे

कॉलेजातल्या एका मित्राने गेल्या महिन्यात माझ्याकडे तीन लाख मागितले. सिनेमा काढायचाय. माझ्या डोक्यात आधी होम लोनचा हप्ता आला, मग मैत्री. ‘विचार करून सांगतो’ म्हणालो. घरी येताना लॉ कॉलेज रोडवर रोज एफटीआयआयचं फाटक लागतं. तिथे पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता. त्या कंपनीबद्दल वाचत बसलो.

१९२९ साली कोल्हापुरात पाच जणांनी प्रभात काढली. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे बाबूराव पेंटरांच्या कंपनीतून बाहेर पडलेले हुन्नरी लोक. पाचवे सीताराम कुलकर्णी, पेशाने सराफ. भांडवलाची बाजू त्यांची. पण ते बाहेर बसून व्याज मोजणारे सावकार नव्हते, भागीदार होते. सिनेमा बुडाला तर त्यांचंही बुडणार होतं.

बोलपट आले तेव्हा, १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’पासून, त्यांनी एक युक्ती धरली. एकाच सेटवर, त्याच कपड्यांत, तोच प्रसंग मराठीत आणि हिंदीतही चित्रित करायचा. राजवाडा एकदाच उभारायचा, तिकिटं दोन भाषांत विकायची. (आम्ही एकच कोड दोन क्लायंटना देतो, तसंच काहीसं.)

तरी हात पोळलेच. १९३३मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला, प्रिंटवरची प्रक्रिया जर्मनीत झाली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. सिनेमा पडला. त्याच वर्षी कंपनी पुण्याला आली आणि पुढच्या वर्षी ‘अमृतमंथन’ काढून पुन्हा उभी राहिली.

१९३६चा ‘संत तुकाराम’ मात्र फक्त मराठीत. हिंदीचा आधारच नाही. तो मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून जास्त चालला, व्हेनिसला गौरवला गेला. यानंतर मी असतो तर आणखी चार संत काढले असते, खरं सांगतो. शांतारामांनी १९३७मध्ये ‘कुंकू’ केला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी त्याला नवरा मानायलाच नकार देते. पार्श्वसंगीत नाही, शेवट गोड नाही. पण त्याच सेटवर हिंदीत ‘दुनिया ना माने’ही केला. गोष्टीत एवढं धाडस, हिशेबात तीच जुनी सावध सवय.

परवा मित्राला विचारलं, ‘पैसे देणाऱ्यांत भागीदार किती, उसने देणारे किती? आणि हा पडला तर दुसरा काढण्याइतकं मागे काय उरतं?’

तो हसला. ‘काही नाही रे. गावचं घर तारण ठेवतोय.’

मी एक लाख देतोय. उसने नाहीत, बुडाले तर माझे बुडाले. पण घराचे कागद आधी परत आण, असं सांगितलंय. तीन दिवस झाले, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.