नाव आणि वल्हेकऱ्याचे माप

हत्यार हाताला बसत नसेल तर दोष हाताचा नव्हे, असे मी गिरणीच्या दारावरील सभांतून नेहमी सांगत आलो. उत्तर अमेरिकेतील कनू या निमुळत्या होडीचा इतिहास हेच सांगतो. तेथील आदिवासी बर्च झाडाच्या सालीची हलकी कनू बांधीत. दुसरे महायुद्ध संपता संपता विमाने बनविणाऱ्या ग्रुमन कंपनीने ॲल्युमिनियमची कनू काढली. ती दणकट खरी, पण खडकाला चिकटून बसे. १९७० नंतरच्या दशकात रॉयलेक्स या थरांच्या प्लॅस्टिकची कनू पसरली. ती आपटून वाकली तरी पुन्हा आकार घेई.

खळाळत्या प्रवाहात वल्हेकरी गुडघे टेकून बसतो. होडी त्याच्या अंगाबरोबर कलली पाहिजे. म्हणून फोमचे खोगीर, गुडघ्यांखाली गाद्या, मांड्यांवर पट्टे, पायांना टेकू, हे सारे ज्याच्या त्याच्या मापाने बसवू लागले. मात्र होडी उलटताच पट्टा झटक्यात सुटला पाहिजे. नाहीतर तोच गळफास होतो.

२०१४ साली रॉयलेक्सचे उत्पादन थांबले. मापाचा धडा राहिला. जे साधन माणसाला धरून ठेवते, त्याला वेळेवर सोडताही आले पाहिजे.