डॅशहाउंड : स्वभाव व घरगुती निगा

आखूड पायांची, लांब पाठीची, मूळची जर्मन शिकारी कुत्र्यांची जात. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर हा बिळात राहणारा चिवट, दातांनी बळकट प्राणी आणि ‘हुंट’ म्हणजे नुसता कुत्रा. इंग्रजांनी या ‘हुंट’चा ‘हाउंड’ केला, स्पेलिंगवरून वाचता वाचता आपल्याकडे ‘डॅशहाउंड’ झाले आणि नागपुरातही जनावरांच्या दवाखान्यात हेच नाव चालते. खुद्द जर्मनीत त्याला ‘डाकेल’ किंवा ‘टेकेल’ म्हणतात. तिथल्या जातिसंघाची स्थापना 1888 सालची. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचे शुभचिन्ह ‘वाल्डी’ हा रंगीबेरंगी पट्ट्यांचा डॅशहाउंडच होता.

केस तीन प्रकारचे : आखूड व गुळगुळीत, लांब, आणि राठ. आपल्याकडे बहुतेक घरी दिसतो तो आखूड केसांचा, तांबूस किंवा काळा-तांबूस. आकारही तीन. मोठ्याचे वजन साधारण 7 ते 14 किलो, मिनिएचरचे 5 किलोच्या आसपास. त्याहून लहान प्रकार सशाच्या बिळासाठी केलेला. जर्मन पद्धतीत आकार ठरतो तो वजनावर नव्हे, छातीच्या घेरावर, कारण प्रश्न एकच होता : हा कोणत्या बिळात शिरू शकेल? ‘मिनी आहे’ म्हणून आणलेले पिल्लू वर्षभरात नऊ किलोचे झाले, ही तक्रार इथे नेहमीची. कागदपत्रांपेक्षा पिल्लाचे आईबाप प्रत्यक्ष पाहणे बरे. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. त्याआधी कोणी हातात ठेवत असेल, तर तिथूनच परत फिरावे. ठिपकेदार नर-मादीच्या जोडीची पिल्ले तर टाळावीतच. दोन्हीकडून तोच जीन आला, तर आंधळेपण किंवा बहिरेपण येऊ शकते.

स्वभाव. बिळात शिरलेल्या कुत्र्याला मालक दिसत नाही, मालकाचा आवाजही नीट पोचत नाही. समोरच्या प्राण्यावर चालून जायचे की मागे सरायचे, हे त्याने एकट्याने ठरवायचे. आत काय चालले आहे हे वर फावडे घेऊन उभ्या असलेल्याला कळावे, म्हणून जोरात भुंकायचे. पिढ्यानपिढ्या याच कामासाठी निवड झाली. त्यामुळे आज नागपूरच्या धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये हाक मारल्यावर तो एकदा मान वळवून पाहतो, विचार करतो आणि आपल्याच कामाला लागतो, याला हट्टीपणा म्हणणे थोडे अन्यायाचे आहे. त्याला शिकवता येते, पण ओरडून नाही. पाच मिनिटांचा धडा, हातात भाजलेल्या चिकनचा तुकडा आणि रोज तेच शब्द, एवढे पुरते. घरात चौघे चार भाषांत हुकूम सोडत असतील, तर तो कोणाचाच राहत नाही.

आवाज देहाच्या दुप्पट. घंटागाडीचे गाणे, भाजीवाल्याची आरोळी, लिफ्टचा दरवाजा, प्रत्येकाची नोंद तो मोठ्याने घेतो. घरातल्या एकावर विशेष जीव लावतो आणि अनोळखी माणसाबद्दल चटकन मत बदलत नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत अनोळखी माणसांवर चावायला धावणाऱ्यांत ही जात सर्वांत वर आली होती. लहान कुत्र्याचे चावणे लोक हसण्यावारी नेतात, म्हणून ते सुधारतही नाही. दोन ते चार महिन्यांच्या वयातच पाहुणे, मुले, छत्री, हेल्मेट, सायकल यांची ओळख करून द्यावी. चालायला शिकणारे मूल असलेल्या घरी मात्र ही जात ठेवू नये, असे आमचे मत. मूल त्याला पोटाच्या मध्यावर धरून उचलते, आणि नेमके तेच त्याला सोसत नाही.

उकरणे हा छंद नव्हे, धर्म. तुळशीची कुंडी, सोफ्याची फट, घुशीचे बीळ, काहीही चालते. बेसा, मानेवाडा अशा वाढत्या वस्त्यांत मोकळे प्लॉट आणि पावसाळ्यात साप दोन्ही असतात. तिथे त्याला पट्ट्याविना सोडणे म्हणजे सर्पदंशाला बोलावणे. अंगणात वाळूचे एक खोके किंवा घरात जुन्या चादरींचा ढीग दिला, की बरीचशी खुमखुमी तिथेच जिरते.

पाठ. पाय आखूड करणारा जनुकीय बदलच मणक्यांमधल्या चकत्याही लवकर कडक करतो. कडक झालेली चकती फुटून मज्जारज्जूवर दाबली जाते. या जातीतल्या साधारण दर चार-पाच कुत्र्यांत एकाला आयुष्यात कधी तरी हा त्रास होतो, बहुधा तीन ते सात वर्षांच्या वयात. रोज दिवाणावरून मारलेली उडी, दुचाकीच्या पायदानावरून खाली टाकलेली झेप, गुळगुळीत टाइल्सवर घसरणारे मागचे पाय या सगळ्यांचा पाठीवर भार पडतो. दिवाणाला लाकडी उतार लावावा, येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजी टाकावी, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली ठेवून पाठ आडवी राहील असे उचलावे. पुढच्या दोन पायांना धरून वर ओढणे पूर्ण बंद.

सोफ्याशी येऊन थांबणे, पाठ कमानीसारखी करणे, हात लावताच किंचाळणे, मागचा पंजा उलटा टेकणे ही पहिली लक्षणे. अशा वेळी तेलाने मालिश करू नये आणि मेडिकलमधून आणलेली माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये. त्यांतल्या कित्येक गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला विषासारख्या आहेत. त्याला छोट्या जागेत बंदिस्त ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. दुखणे हलके असेल, तर चार ते सहा आठवड्यांची सक्तीची विश्रांती व औषधे पुरतात. मागचे पायच गेले असतील, तर शस्त्रक्रियेचा निर्णय तासांत घ्यावा लागतो, आठवड्यांत नाही. नागपुरात सेमिनरी हिल्सवर 1958 पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय व त्याचा दवाखाना आहे. 2000 साली स्थापन झालेल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. घरापासून दवाखान्याची वाट आधीच ठाऊक असलेली बरी.

ऊन. या कुत्र्याच्या लांबीवर सगळे विनोद करतात. नागपुरात त्रास देते ते त्याचे बुटकेपण. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो आणि नवतप्याच्या नऊ दिवसांत संध्याकाळी सातलाही डांबर तापलेले असते. माणसाच्या नाकाला लागते त्याहून कितीतरी जास्त झळ जमिनीपासून चार बोटे वर असलेल्या पोटाला लागते. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात-आठ सेकंद टेकवून पाहावी. हात काढावासा वाटला, तर फिरायला जायचे नाही. एप्रिल ते जून सकाळी साडेपाचला फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या बाजूला एक फेरी आणि रात्री जेवणानंतर दुसरी. दिवसभर तो कूलरसमोर पोट फरशीला चिकटवून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडलेला असतो, तसाच पडू द्यावा. धाप थांबेना, हिरड्या गडद लाल झाल्या, तोल जाऊ लागला, तर ऊन लागले समजावे. नळाच्या साध्या पाण्याने अंग भिजवावे, पंखा लावावा आणि तसेच ओल्या अंगाने दवाखान्यात न्यावे.

खाणे. वजन वाढले की पाठ गेली, म्हणून इथे माया आवरती घ्यावी. हात फिरवल्यावर बरगड्या सहज जाणवाव्यात. दिवसातून दोनदा मोजून खाऊ घालावे. मागण्याची कला या जातीला उपजत आहे. आजीच्या ताटातली पोळी, नातवाचे पोहे आणि दुपारचे बिस्किट यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. सावजी रश्श्यातली हाडे तर दुहेरी धोका : शिजलेले हाड फुटून टोकदार होते आणि रश्श्यात कांदा-लसूण भरपूर असतो. द्राक्षे, मनुका, चॉकलेटही वर्ज्य. संत्र्याची बी काढलेली एखादी फोड चालते.

पावसाळ्यात ओल्या गवताला पोट लागते, म्हणून तो शी-शूसाठी बाहेर जायलाच नकार देतो. बाल्कनीत पत्र्याखाली कोरडी जागा केली, तर घर वाचते. याच दिवसांत गोचीड वाढतात. लोंबत्या कानांच्या घड्या, काखा आणि बोटांमधल्या फटी रोज चाचपाव्यात. गोचीड-तापात कुत्रा सुस्त होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात, पुढे पशुवैद्य सांगतील तशी. अंघोळ महिन्यातून एकदा पुरे, दात आणि नखांकडे मात्र त्याहून जास्त लक्ष. मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके यांना तो घाबरतो. त्या दिवशी आतली खोली, बंद खिडक्या आणि सोबतीला कोणी तरी.

नीट सांभाळल्यास 12 ते 15 वर्षे जगतो. तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात, भुंकणे मात्र कमी होत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या नागपुरी थंडीत आखूड केसांच्या कुत्र्याला रात्री झूल लागते. ती काढून टाकून तो पांघरुणात डोके आधी घालून शिरतो आणि पायथ्याशी जाऊन पडतो. वरून काहीच दिसत नाही. म्हणून अशा घरात गोधडीवर बसण्याआधी हात फिरवून पाहावे.