बोटांचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अब्बा गेले, चाळिसावा झाला आणि मग आम्ही त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत रेशनकार्ड होते, माझ्या बी. ए.च्या गुणपत्रिकेची झेरॉक्स होती आणि तळाशी चौपदरी घडी घातलेला एक पिवळा कागद होता. मजकूर चार ओळींचा : कामावर असताना झालेल्या इजेबद्दल मालकांनी राजीखुशीने तीनशे रुपये दिले, ते पावले, यापुढे माझी कसलीही मागणी उरली नाही. खाली जांभळ्या शाईत अब्बांचा अंगठा. साल १९७८.

अब्बा वऱ्हाडातल्या एका जिनात रेच्यावर होते. कापूस लोटायचा, रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे. त्या हंगामात उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट रेच्याने ओढून घेतले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. दवाखान्यातून घरी आल्यावर दिवाणजी आले. म्हणाले, ‘‘मियाँ, लक्ष तुमचंच नव्हतं. तरी शेठजींनी माणुसकी दाखवली. इथं अंगठा लावा.’’ अब्बांनी लावला. वर शेठजींना दुवाही दिली.

मी कवी माणूस, वकील नव्हे. पण तो कागद मला स्वस्थ बसू देईना. म्हणून नुकसानभरपाईच्या कायद्याचा इतिहास वाचत गेलो.

शरीराच्या इजेचे मोल ठरवण्याची कल्पना तशी फार जुनी. इस्लामी धर्मशास्त्रात तिला दियत म्हणतात. माणसाच्या जिवाची दियत शंभर उंट आणि एका बोटाची दहा. अंगठा असो की करंगळी, सगळी बोटे सारखी. यंत्रयुग आले आणि हा हिशेब बदलला. इंग्लंडमध्ये १८३७ साली एका खाटकाच्या नोकराचा खटला गाजला. ज्यादा माल भरलेली गाडी मोडली आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. कोर्टाने भरपाई नाकारली. नोकराने कामातला धोका पत्करलेलाच असतो, असा सूर त्या निकालातून पुढे रूढ झाला. त्याहून विचित्र गोष्ट अशी, की जखमी माणूस जगला तर त्याला दावा करता येई. पण तो मेला, तर दावाही त्याच्याबरोबर दफन होई. बायकापोरांना काही मागता येत नसे. हा अन्याय तिथे १८४६ साली दूर झाला. आपल्याकडे तसाच कायदा १८५५ साली आला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावल्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती.

तरीही एक अडचण उरलीच होती. समोरच्याची चूक सिद्ध करायची कोणी? तर ज्याचा हात गेला त्याने. बोटे गमावलेल्या कामगाराने यंत्राच्या मालकाविरुद्ध साक्षीदार आणायचे कुठून? इंग्लंडने १८९७ साली आणि हिंदुस्थानने १९२३ साली हा प्रश्नच बाजूला सारला. १ जुलै १९२४पासून लागू झालेल्या आपल्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने सांगितले, की कामामुळे आणि काम चालू असताना इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यायची. चूक कुणाची, हे विचारायचे नाही. कामगार दारू प्यालेला असेल, त्याने मुद्दाम हुकूम मोडला असेल किंवा यंत्राचे संरक्षक साधन मुद्दाम काढले असेल, तर अपवाद. तोही मृत्यू ओढवला नसेल तेव्हाच. नुसते लक्ष नसणे, हा अपवाद नव्हता.

दिवाणजींचे वाक्य मला इथे आठवले. ‘चूक तुमची’ हे खरे असते, तरी अब्बांचा हक्क तसूभरही कमी होत नव्हता.

या कायद्याला अवयवांची एक यादी जोडलेली होती. कमावण्याची ताकद किती टक्के गेली, ते तीत लिहिलेले. १९२३ साली उजवा हात कोपरापासून गेला तर ७० आणि डावा गेला तर ६०. अंगठा २५, तर्जनी १०. पुढे यादी सुधारली. अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७. एका हाताची दोन बोटे गेली तर २०. दियतीत सारखी असलेली बोटे इथे कमाईच्या तराजूत लहानमोठी झाली.

आणि तो कागद? कायदा करणाऱ्यांना असे कागद चांगलेच ठाऊक होते. एकरकमी भरपाईचा करार आयुक्तांकडे नोंदवावा लागे. नोंदवला नाही, तर मालकाला पूर्ण रक्कम द्यावी लागे आणि आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक, आयुक्तांनी परवानगी दिल्याशिवाय, वजाही करता येत नसे. कामगार दगावला, तर पैसे थेट विधवेच्या हाती देऊन सुटका नव्हती. ते आयुक्तांकडेच भरावे लागत. आमचा कागद कुठेही नोंदवलेला नव्हता. दावा करायला दोन वर्षांची मुदत होती. ती कुणाला ठाऊकच नसल्यामुळे निघून गेली.

यादीतला टक्का हाही शेवटचा शब्द नव्हता. ओरिसातल्या एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाई शंभर टक्के बुडाली. रस्त्यावरच्या अपघातांबाबत हाच विचार २०१० साली न्यायालयाने अधिक स्पष्ट केला. शरीराचे अपंगत्व किती, हा एक प्रश्न आणि त्यामुळे या माणसाची रोजी किती बुडाली, हा दुसरा. कारकुनाचा हात आणि ड्रायव्हरचा हात यांचा हिशेब एक नसतो.

१९२३चा कायदा आता स्वतंत्र उरलेला नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सामावला गेला. बोटांची यादी मात्र तिथेही आहे. वाहनांच्या अपघातांसाठी दावा न्यायाधिकरणे १९५६च्या दुरुस्तीने आली. तिथे दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली कमाई यांच्याबरोबर वेदना आणि जगण्यातला गेलेला आनंद यांचीही वेगळी भरपाई मागता येते. पुष्कळ दावे लोकअदालतीत तडजोडीने मिटतात. त्यात गैर काही नाही. खटला वर्षानुवर्षे चालण्यापेक्षा हाती आलेले पैसे बरे, असे घरच्यांना वाटले तर ते समजण्यासारखे आहे. पण एवढे माहीत असावे, की लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी अपंगत्वाचा दाखला हाती आहे का, पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च धरला आहे का आणि टक्के शरीराचे लावले की रोजीचे, हे विचारून घ्यावे. ती भरपाई कुणाची मेहेरबानी नसते.

नमाज झाल्यावर अब्बा उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर तसबीह मोजत. अपघातानंतर पेरे कमी पडू लागली. तेहतिसाचा आकडा जुळवताना ते मध्येच थांबत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. यादीत त्यासाठी रकाना नव्हता, आणि अब्बांनी तो मागितलाही नसता. पण उरलेल्या बोटांनी ते आणखी पंचवीस वर्षे राबले. यादीतल्या वीस टक्क्यांवर त्यांचा हक्क होता. तो त्यांना कुणी सांगितला नाही, म्हणून आज मी तुम्हाला सांगितला.